सुरीसाठी चामड्याचे म्यान घरी कसे शिवावे: गोव्यातील नवशिक्यांसाठी मार्गदर्शन

हाताने शिवलेले चामड्याचे म्यान तयार करायला कारखाना लागत नाही. एक भक्कम टेबल, दहा-बारा हत्यारे आणि काही मोकळ्या संध्याकाळी एवढे भांडवल पुरते. तरीही बहुतेकांचे पहिले म्यान बिघडते, आणि त्यात हाताला सफाई नसणे हे कारण क्वचितच असते. कामाचा क्रम चुकतो, चामडे भलतेच निवडले जाते, किंवा भिजवलेले चामडे पुरते वाळण्याआधी पुढची पायरी उरकली जाते. यातील तिसरा दोष आपल्याकडे अधिक आढळतो. या छंदाची बहुतेक माहिती थंड आणि कोरड्या हवेत काम करणाऱ्यांनी दिलेली असते. त्यांचे ‘रात्रभर वाळू द्या’ हे डिसेंबरात डिचोलीला जेमतेम लागू पडते. जुलैत ते पाळले तर म्यानावर हिरवट बुरशी धरते. म्हणून शक्य असल्यास पहिले म्यान नोव्हेंबर ते मार्च या काळात करावे. पावसाळ्यात नमुने आखावेत, टाकाऊ तुकड्यांवर शिवणीचा सराव करावा आणि चामडे भिजवण्याचे काम पुढे ढकलावे.

१. सुरी कोणती, ते आधी ठरवा

पहिल्या कामासाठी सरळ पात्याची, न मिटणारी, साधारण ८ ते १० सेंटिमीटर पात्याची सुरी घ्यावी. कोयत्याला बाक असतो आणि त्याची धार बाकाच्या आतल्या बाजूला असते. त्यामुळे त्याचे बंद म्यान शिवणे हे नवशिक्याचे काम नाही.

गोव्यात राहणाऱ्याच्या मनात पहिली येते ती मासळी कापण्याची सुरी. तिच्यासाठी चामड्याचे म्यान करूच नये. चामडे आतून धुता येत नाही, त्यात मुरलेला वास जात नाही, आणि स्वयंपाकाच्या दृष्टीने ते स्वच्छही राहत नाही. बागकामाची, सुतारकामाची किंवा भटकंतीत न्यायची सुरी या कामाला योग्य ठरते.

मापे घेताना आणि सुरी घालून पाहताना धारेवर कागदी चिकटपट्टी लावून ठेवावी. या छंदात हात कापतो तो बहुधा याच टप्प्यांवर.

२. चामडे: सर्वांत जास्त वेळ इथे द्या

बाजारातील पिशव्या, पाकिटे आणि सोफे यांचे बहुतांश चामडे क्रोमच्या क्षारांनी कमावलेले असते. ते मऊ असते, रंगाने आकर्षक असते आणि सहज मिळते, पण म्यानासाठी निरुपयोगी असते. ओले करून दाबले तरी ते आकार धरत नाही, आणि त्यात उरलेल्या क्षारांमुळे पाते गंजण्याचा धोका असतो. आपल्याला हवे ते झाडांच्या साली आणि फळे यांतील टॅनिनने कमावलेले चामडे. कोल्हापुरी चपलांचे चामडे याच जातीचे असून ते पारंपरिक पद्धतीत बाभळीची साल आणि हिरडा यांनी कमावले जाते.

दुकानदार ‘अस्सल लेदर’ एवढेच सांगतो. ते खरे असले तरी आपल्या प्रश्नाचे उत्तर त्यात नसते, त्यामुळे पारख स्वतःच करावी. कापलेली कड पाहावी: झाडसालीने कमावलेले चामडे आरपार फिकट तपकिरी दिसते, तर क्रोमच्या चामड्याचा गाभा अनेकदा निळसर-करडा असतो. रंग किंवा लेप न दिलेल्या पृष्ठभागावर पाण्याचा थेंब टाकावा: हवे ते चामडे पाणी शोषते आणि तिथे गडद होते. एखादा छोटा तुकडा घरी आणून जाळून पाहता आला तर खात्री पटते, कारण क्रोमच्या चामड्याची राख हिरवट उतरते.

जाडी २.५ ते ३.५ मिलिमीटर असावी. परदेशी सूचनांत जाडी औंसांत दिलेली असते. एक औंस म्हणजे साधारण ०.४ मिलिमीटर, हे लक्षात ठेवले की हिशेब सोपा होतो. जनावराच्या पाठीचे किंवा खांद्याचे चामडे घ्यावे. पोटाकडचे स्वस्त मिळते, पण ते ताणले जाते आणि म्यानाचे तोंड काही महिन्यांत सैल पडते. म्हशीचे चामडे पोताने जरा खरबरीत असले तरी टणक असते आणि या कामाला उत्तम चालते.

गोव्यात असे चामडे किरकोळ विक्रीला सहसा हाताशी नसते. चोर्ला घाटातून बेळगाव किंवा पुढे कोल्हापूर गाठणे हा एक मार्ग. कोल्हापूरच्या चप्पल लाईनीत चौकशी केली की कच्चा माल विकणाऱ्यांपर्यंत पोचता येते. तिथे चपलेच्या तळाचे जाड चामडे गळ्यात मारून घेऊ नये. ते घडी घालताना तडकते. दुसरा मार्ग ऑनलाइन मागवण्याचा असून, कानपूर, कोलकाता आणि चेन्नई येथील विक्रेते लहान तुकडेही पाठवतात. मागणी नोंदवण्यापूर्वी कमावण्याची पद्धत आणि जाडी लेखी विचारून घ्यावी. एका लहान म्यानाला एक चौरस फूट चामडे पुरून उरते, म्हणून अखंड कातडे घेण्याच्या मोहात पडू नये.

३. लागणारी हत्यारे आणि साहित्य

- रापी (चामडे कापण्या-तासण्याचे चपट्या पात्याचे हत्यार) किंवा नव्या पात्याचा मजबूत कटर, आणि पोलादी पट्टी
- आरी (चामड्याला भोके पाडण्याचे टोकदार हत्यार)
- बोथट टोकाच्या दोन जाड सुया
- मेण लावलेला पॉलिएस्टर किंवा लिननचा दोरा, जाडी ०.८ ते १ मिलिमीटर
- शिवणीचे अंतर आखण्यासाठी दुटोकी कंपास किंवा दातेरी काटा
- लाकडी वा नायलॉनची हातोडी. लोखंडी हातोडीचे व्रण चामड्यावर राहतात
- फेविकॉल एसआर किंवा चपलांसाठी वापरतात तसे रबरी सोल्युशन
- २२०, ४०० आणि ८०० नंबरचा पॉलिश पेपर
- मधमाश्यांचे मेण, सुती कापड, गुळगुळीत लाकडाचा दांडा
- कागद पकडायच्या मोठ्या क्लिपा आणि कडेचे कोपरे उतरवण्याचे छोटे हत्यार

आरी आणि रापी विकत घेण्याआधी गावातील किंवा म्हापशाच्या बाजारातील चपला शिवणाऱ्या कारागिराकडे थोडा वेळ बसून पाहावे. आरी कोणत्या कोनात धरायची आणि रापी अंगठ्याच्या आधाराने कशी ओढायची, हे पाहूनच नीट कळते. ऑनलाइन मिळणारे चाळीस नगांचे संच टाळावेत. त्यांतील निम्मी हत्यारे लागत नाहीत आणि उरलेल्यांना धार नसते.

४. कागदी नमुना

जाड कागदाला मधोमध घडी घालून घडीच्या रेषेवर सुरीची पाठ टेकवावी आणि पेन्सिलीने पाते व मूठ आखून घ्यावी. धारेच्या बाजूला पात्यापासून १३ ते १५ मिलिमीटर जागा सोडावी. त्यातील सुमारे १० मिलिमीटर शिवणीत आणि मधल्या पट्टीत जातात. उरलेले पात्याच्या आणि चामड्याच्या जाडीसाठी लागतात. मुठीचा साधारण एकतृतीयांश भाग म्यानाच्या आत बसेल इतकी उंची ठेवावी, कारण सुरी अडकून राहते ती मुठीवर आवळलेल्या चामड्यामुळे.

नमुना कापून, क्लिपा लावून, सुरी आत घालून पाहावी. कागदात घट्ट बसते ती चामड्यात मुळीच बसणार नाही, कारण कागदाला जाडी नसते. नमुना कमरेला लावूनही पाहावा. डावखुऱ्यांचा नमुना उलट होतो, आणि हे चामडे कापल्यानंतर लक्षात येऊन उपयोग नसतो.

५. कापणे, आणि कमरपट्ट्याची पट्टी

नमुना चामड्याच्या गुळगुळीत बाजूवर ठेवून आरीच्या टोकाने हलकी रेघ ओढावी. पेनची शाई चामड्यात कायमची मुरते. एका दमात आरपार कापण्यापेक्षा दोन-तीन हलक्या ओढींत कापावे. कड सरळ येते.

यानंतरची पायरी नवशिक्यांकडून हमखास सुटते. कमरपट्टा ओवण्याची जी पट्टी म्यानाच्या पाठीवर असते, ती म्यानाची घडी मिटण्याआधी शिवून टाकावी लागते. एकदा म्यान बंद झाले की आत सुई पोचत नाही. पट्टी चिकटवून भोवती शिवावी आणि आतल्या बाजूने टाके हातोडीने हलके ठोकून सपाट करावेत, नाहीतर दर वेळी पाते त्यांना घासत राहते.

आता घडीच्या रेषेवर आतून आणि बाहेरून ओले कापड फिरवून चामडे मऊ होऊ द्यावे, घडी घालावी आणि क्लिपा लावून पूर्ण वाळू द्यावे. कोरड्या चामड्याला जबरदस्तीने घडी घातली तर गुळगुळीत थर तडकतो.

६. मधली पट्टी

म्यानाचा प्राण इथे आहे. दोन थर नुसते एकमेकांवर ठेवून शिवले, तर सुरीची धार थेट दोऱ्यावर येते आणि महिन्याभरात शिवण कापून पाते बाहेर डोकावू लागते. म्हणून दोन्ही थरांच्या मध्ये, धारेच्या पूर्ण लांबीभर, त्याच चामड्याची ९ ते १० मिलिमीटर रुंद पट्टी घालतात. धार चामड्यावर टेकते आणि दोरा तिच्यापासून दूर राहतो. पट्टीची जाडी पात्याच्या जाडीइतकी तरी असावी. म्यानाच्या तोंडाकडे ती रापीने निमुळती करत न्यावी.

चिकटवताना एक बारकावा लक्षात ठेवावा. पट्टीची एक बाजू गुळगुळीत असते आणि त्या बाजूवर सोल्युशन धरत नाही. ती आधी २२० नंबरच्या पॉलिश पेपरने खरवडून घ्यावी. दोन्ही भागांना पातळ थर लावून दहा-पंधरा मिनिटे थांबावे, बोटाला चिकटेनासे झाल्यावर जोडावे आणि हातोडीने ठोकावे. एकदा टेकले की सरकवता येत नाही, त्यामुळे घडीच्या बाजूने सुरुवात करून टोकाकडे जावे. चामडे किंचितही दमट असेल तर जोड सुटतो. खिडक्या उघड्या ठेवाव्यात. या सोल्युशनच्या वाफा डोक्यात चढतात आणि पेटही घेतात.

सुतारकामाचे पांढरे फेविकॉल इथे वापरू नये. पुढे म्यान भिजवायचे आहे, आणि त्या वेळी तो जोड ढिला पडतो.

७. भोके पाडणे

चिकटवलेली कड पॉलिश पेपरने घासून तिन्ही थर एकसारखे करावेत, मग कडेपासून ४ ते ५ मिलिमीटर आत शिवणीची रेषा आखावी आणि तिच्यावर ५ मिलिमीटर अंतराने खुणा कराव्यात.

तीन थर मिळून ९ मिलिमीटरच्या आसपास जाडी होते. एवढ्या जाडीत दातेरी काटा हातोडीने सरळ उतरवणे अवघड असते. पुढच्या बाजूला सरळ दिसणारी ओळ मागे नागमोडी निघते. पहिल्या म्यानासाठी उभ्या स्टँडला लावलेला ड्रिल आणि १.५ मिलिमीटरचे बिट वापरावे, असे माझे स्पष्ट मत आहे. जुन्या पद्धतीचे आग्रही लोक याला नाक मुरडतात. त्यांनी आरीच वापरावी. त्यांच्या मनगटाला ती सवय असते. हातात धरलेला ड्रिल मात्र आरीपेक्षाही वाकडा जातो.

८. दोन सुयांची शिवण

एकाच दोऱ्याच्या दोन्ही टोकांना सुया ओवून, प्रत्येक भोकातून दोन्ही सुया विरुद्ध दिशांनी न्यायच्या, अशी ही शिवण असते. यंत्राच्या टाक्यातला एक दोरा तुटला तर शेजारचे टाके उसवत जातात. या शिवणीत प्रत्येक भोकात दोन दोरे असल्याने एक तुटला तरी दुसरा धरून ठेवतो.

दोरा किती घ्यावा याबद्दल ‘शिवणीच्या चौपट’ असा नियम सर्वत्र सांगितला जातो. तो पातळ चामड्यासाठी ठीक आहे. आपल्या जाडीला तो पुरत नाही. ५ मिलिमीटरच्या एका टाक्यासाठी प्रत्येक सुईचा दोरा ९ मिलिमीटर जाडी पार करतो आणि ५ मिलिमीटर पुढे जातो. दोन्ही मिळून २८ मिलिमीटर झाले, म्हणजे शिवणीच्या साडेपाचपटीहून अधिक. १५ सेंटिमीटरच्या शिवणीसाठी ८५ सेंटिमीटर तर टाक्यांतच जातात, शिवाय सुयांमागे आणि शेवटी उलट टाके घालण्यासाठी दोरा हवा. सव्वा मीटर घ्यावा. मध्येच दोरा संपला तर जोड कायम दिसत राहतो.

सुरुवात म्यानाच्या तोंडाकडून करावी आणि पहिल्या दोन भोकांत दुहेरी टाके घालावेत, कारण सुरी आत-बाहेर करताना सगळा ताण तिथे पडतो. दर वेळी त्याच बाजूची सुई आधी घालावी आणि दुसरी सुई पहिल्या दोऱ्याच्या त्याच अंगाने न्यावी. टाक्यांची तिरपी ओळ एकसारखी येते ती यामुळेच. दुसरी सुई पहिल्या दोऱ्यात घुसली तर टाका आवळता येत नाही, हे पाहावे. दोन्ही टोके समान जोराने ओढावीत. शेवटी दोन-तीन टाके उलट घालून दोरा कापावा. पॉलिएस्टरचा असेल तर टोक लायटरने हलके वितळवावे.

टोकाच्या बाजूला तीन-चार मिलिमीटरची फट उघडी ठेवावी. आपल्या हवेत आत साठलेला दमटपणा बाहेर पडायला तेवढी वाट पुरते.

९. ओले करून आकार देणे

सुरीला तेलाचा हात लावून प्लॅस्टिकच्या पातळ कागदात दोन-तीन वेढे गुंडाळावे. ही काळजी अनिवार्य आहे. ओल्या चामड्यातील टॅनिन आणि लोखंड एकत्र आले की काळानिळा डाग पडतो. हिरडा आणि हिराकस (लोखंडाचा क्षार) यांपासून काळी शाई करत, तीच ही क्रिया, आणि तो डाग सहजी निघत नाही. क्लिपांनाही म्हणून मध्ये कापड लावावे.

म्यान कोमट पाण्यात बुडवून बुडबुडे थांबेपर्यंत, म्हणजे साधारण अर्धा ते एक मिनिट ठेवावे. बाहेर काढून निथळू द्यावे, सुरी आत घालावी आणि मूठ व पाते जिथे मिळतात त्या खाचेभोवती अंगठ्याने आणि लाकडाच्या गुळगुळीत दांड्याने चामडे दाबत न्यावे. नखे कापलेली असावीत, कारण ओल्या चामड्यावर उठलेला नखाचा ओरखडा वाळल्यावर तसाच राहतो. आकार धरला की सुरी अलगद काढून घ्यावी.

वाळवणे सावलीत, पंख्याखाली. उन्हात, ओव्हनमध्ये किंवा केस सुकवायच्या यंत्रासमोर ठेवलेले चामडे आक्रसते आणि ठिसूळ होते. हिवाळ्यात दोन दिवस पुरतात. पावसाळ्यात काम करावेच लागले तर चार-पाच दिवस धरावेत. म्यान गालाला लावून पाहावे. थंड लागले तर आत अजून पाणी आहे.

१०. कडा आणि शेवटचा हात

कडांचे कोपरे उतरवून ४०० आणि मग ८०० नंबरचा पॉलिश पेपर फिरवावा, कडेला पाण्याचे बोट लावावे आणि लाकडी दांड्याने वेगाने घासावे. कड गडद, तुकतुकीत होत जाते. वरून मेण चोळून पुन्हा कापडाने घासावे.

तेलाच्या बाबतीत हात आखडताच ठेवावा. घरात खोबरेल तेल असते आणि ते भरपूर चोपडण्याचा मोह होतो. पण जास्त तेलाने चामडे मऊ पडते आणि मेहनतीने दिलेला आकार जातो, शिवाय खोबरेल कालांतराने खवट होते. मेण आणि थोडे तेल एकत्र वितळवून केलेले मलम बाहेरच्या बाजूला पातळ लावणे पुरेसे आहे. रंग देणार असाल तर तो मेणाआधी द्यावा आणि कापड घासून उरलेला रंग निघून जाईपर्यंत पुसावा, नाहीतर घामाने तो कपड्यांवर उतरतो. पहिल्या म्यानाला रंग देऊच नये, असे मी सुचवीन. नैसर्गिक चामडे उजेडाने आणि हाताळण्याने आपोआप मधाळ तपकिरी होते.

११. बाहेर नेण्यापूर्वी

जंगलात भटकंती करणाऱ्यांनी एक गोष्ट जाणून घ्यावी. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यातील शस्त्राच्या व्याख्येत सुऱ्याही येतात आणि लेखी परवानगीशिवाय शस्त्र घेऊन अभयारण्यात शिरता येत नाही. मोले, म्हादई, नेत्रावळी, खोतीगाव किंवा बोंडला येथे जाताना सुरी आणि तिचे सुंदर म्यान घरीच ठेवावे. ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याची, घरगुती वा शेतीच्या कामासाठी नसलेली सुरी शस्त्र नियमांच्या कक्षेत येते, म्हणून तशा पात्यांच्या नादी लागू नये. विमानप्रवासात सुरी हातातल्या सामानात चालत नाही.

१२. पावसाळ्यातील निगा

जून ते सप्टेंबर या काळात सुरी म्यानात ठेवून कपाट बंद करू नये. चामडे हवेतील दमटपणा शोषून पात्याला लावून ठेवते. लोहाराने गाडीच्या पाट्यापासून घडवलेल्या सुरीवर काही दिवसांत गंज चढतो, आणि किनाऱ्याजवळच्या खाऱ्या हवेत स्टेनलेसही पूर्ण सुरक्षित नसते. सुरी तेलाचा हात लावून वेगळी ठेवावी. म्यान प्लॅस्टिकच्या पिशवीत न घालता सुती कापडात गुंडाळून, हवा खेळेल अशा जागी टांगावे. डांबरगोळ्या किड्यांसाठी असतात. बुरशीला त्या रोखत नाहीत.

बुरशी दिसलीच तर म्यान घराबाहेर नेऊन कोरड्या कापडाने पुसावे, पाण्यात पातळ केलेल्या व्हिनेगरचा हलका हात फिरवावा, सावलीत वाळवावे आणि मगच मेण लावावे. मेण आधी लावले तर ओल आत अडकते.

वर्षातून एकदा शिवण तपासावी. दोरा झिजला असेल तर तो काढून त्याच भोकांतून नवा घालता येतो. मधली पट्टी चिरली गेली असेल, तर केवळ शिवण बदलून भागत नाही. म्यान उसवावे, जुनी पट्टी काढावी, नवी थोडी जाड घ्यावी आणि सहाव्या पायरीपासून पुन्हा काम सुरू करावे.